सूप

तेव्हा मी आठ वर्षांचा होतो
आणि मला कोणी काही विचारत नसे.
म्हणून डेड्झाच्या डोंगराखाली, आंब्याच्या सावलीत
जमलेल्या अख्ख्या गावाने एकदम माझ्याकडे तोंड वळवलं,
तेव्हा मला बरं वाटलं.
हे आधीच कबूल करतो.

लिग्नेतीचं तान्हं तापाने गेलं होतं.
त्याआधी मुखियाची शेळी. त्याआधी, उभा मका.
मरण आमच्याकडे आपल्या पायांनी येत नाही,
कुणीतरी आणून सोडावं लागतं त्याला.
आणि सिंगांगा, आमचा वैदू, तपकीर ओढत सावकाश म्हणाला होता,
रात्री सुपात बसून उडणारं कुणीतरी आहे या गावात,
आणि ते एकटं उडत नाही,
पोरं नेतं.

गेला होतास का, असं नाही विचारलं.
कुठे गेला होतास, असं विचारलं.

जोहान्सबर्ग, मी म्हणालो.
डोंगरापलीकडचं तेवढं एकच नाव मला येत होतं.
बाप तिथे सोन्याच्या खाणीत होता.
तीन पावसाळे पत्र नव्हतं, पैसे नव्हते.
काय पाहिलंस?
बाप पाहिला. कपाळाला दिवा बांधून
जमिनीतून वर येताना पाहिला.
त्याने मला ओळखलं. साखर दिली, कागदात बांधून.

बाया हळहळल्या. कुणीतरी माझ्यापुढे पाणी धरलं.
आमच्याकडे जातं नाही, उखळ आहे;
उखळातले रडतात, सुपातले हसतात.
त्या दुपारी मी सुपात होतो.

कुणाचं सूप?

इथे मात्र अडलो.
सुपं प्रत्येक भिंतीवर, सगळी सारखी.
एनिफाच्या सुपाला तेवढं निळ्या कापडाचं ठिगळ होतं,
म्हणून मी एनिफा म्हणालो.
पाखडताना निसटलेले दाणे
कोंबड्यांच्या आधी माझ्या ओंजळीत टाकायची ती,
म्हणूनही असेल. दुसऱ्या कुणाच्या अंगणात
मी एवढा वेळ बसलोच नव्हतो.

तिचे डोळे लाल आहेत, एकजण म्हणाला.
लालच होते. ओलं जळण फुंकून फुंकून
आमच्या सगळ्यांच्या आयांचे होते तसे, फक्त जुने.

ती उठली. मला वाटलं, आता मारेल.
ती खाली वाकली, अगदी माझ्या तोंडाशी, आणि म्हणाली,
"बरा होता का रे तुझा बाप?"

झालं. हाच तिचा कबुलीजबाब ठरला.

मारलं नाही कुणी, एवढं गाव आजही सांगतं.
सूप मोडलं. छप्पर पेटवलं.
ती न्चेऊच्या वाटेला लागली, डोक्यावर एक मडकं,
मडक्यात काय होतं कोण जाणे.
पुढच्या पावसात लिग्नेतीचं दुसरंही गेलं.
त्यावर कुणी बोललं नाही.

बाप आला नाही. मीच इथे आलो,
सुपात नाही, बसने.
तीन सीमा, दोन रात्री, शेजारी कोंबड्यांची टोपली.
त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही.
पण तो दुसरा लख्ख आठवतो:
मांडीखाली टोचणाऱ्या बांबूच्या कामट्या,
कानात वारं, खाली गावांचे विझत जाणारे दिवे,
आणि मी पडू नये म्हणून पाठीशी धरलेला
एक खरबरीत हात.

ती मला कधीच घेऊन गेली नसेल, तर मी खोटा.
आणि खरंच नेलं असेल,
एवढ्या लांब, एवढ्या काळोखात, बाप दाखवायला,
तर मी कोण?

इथल्या बाजारात, पर्यटकांच्या दुकानांत
भिंतीवर लावायला सुपं विकतात.
मी एकेक उतरवून उलटं करून बघतो.
दुकानदार म्हणतो, घ्या, कोरं आहे, कुणी वापरलेलं नाही.
मी परत ठेवतो.